मण्याचं वेज



माझी आजी पोत ओवून घ्यायला पटवेकऱ्याकडे जायची तेव्हा मला बरोबर न्यायची. पटवेकरी मण्यांची पुडी सोडायचा, आजी त्यातला एक मणी चिमटीत धरून उजेडाकडे करायची आणि एक डोळा मिटून त्यातून आरपार बघायची. रंग बघत नसे, आकार बघत नसे. वेज बघायची. भोक सरळ आहे की तिरकं, आत कपरी राहिली आहे की काय. कपरी राहिली तर दोरा आतून कातरतो आणि एक दिवस भर लग्नात पोत तुटते. 'वेज' हा शब्द आता फारसा कानावर पडत नाही. मोत्याला, मण्याला, कानाच्या पाळीला पाडलेलं भोक म्हणजे वेज. आजच्या व्याख्यानात मला तो शब्द वारंवार लागणार आहे.

निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय 'सिंधू संस्कृतीची कला आणि कारागिरी'. कार्यकर्त्यांवर माझा राग नाही, पण त्यातला 'आणि' मला खटकतो. कला एका बाजूला, कारागिरी दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी त्या लोकांनी केली होती असं त्यांच्या वस्तूंकडे पाहून वाटत नाही. ती आपण केली.

ही वाटणी फसवते कशी, त्याचा एक दाखला आपल्या घरचाच आहे. 1911-12 च्या हिवाळ्यात देवदत्त रामकृष्ण भांडारकर सिंधमधल्या मोहेंजोदडोच्या टेकाडावर गेले. सर रामकृष्णपंतांचे हे चिरंजीव म्हणजे पुरातत्त्वातला मोठा माणूस. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. भांडारकरांनी टेकाड पाहिलं, विटा पाहिल्या आणि अभिप्राय दिला, की हे अवशेष जेमतेम दोनशे वर्षांचे असावेत. कारण? विटा अगदी आजच्यासारख्या आहेत आणि कोरीव काम केलेली मृत्तिकाशिल्पं कुठे दिसत नाहीत. म्हणजे जी गोष्ट पाहून थक्क व्हायचं, तीच पाहून पंडित परत फिरले. साडेचार हजार वर्षांपूर्वी ठरावीक मापाची पक्की वीट, जाडी एक तर रुंदी दोन आणि लांबी चार, अशी कोणी थापत असेल हे त्यांच्या मनातच आलं नाही. ते नक्षी शोधत होते. मी त्यांना हसत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही नक्षीच शोधली असती.

पुढे पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम विभागाचं काम राखालदास बॅनर्जी यांच्याकडे आलं आणि 1922-23 च्या मोसमात त्यांनी तिथे कुदळ घातली. 1924 च्या सप्टेंबरात खात्याचे प्रमुख जॉन मार्शल यांनी सिंधू संस्कृतीचा शोध जगाला सांगितला. त्यानंतर तिथे खणणाऱ्यांत पंढरपूरचे काशिनाथ नारायण दीक्षित होते. मोहेंजोदडोच्या नकाशात 'डी.के.' असा एक भाग दिसतो, तो दीक्षितांच्या नावावरून. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आपण हमखास पाहतो तो दाढीवाला, तीन पाकळ्यांच्या नक्षीची शाल पांघरलेला 'पुरोहित राजा' याच भागात सापडला. तो राजा होता याला पुरावा नाही, पुरोहित होता यालाही नाही. उंची 17.5 सेंटिमीटर. टेबलावरच्या तांब्याएवढा. आणि कमरेवर हात ठेवून उभी असलेली, डाव्या हातात खांद्यापर्यंत बांगड्या भरलेली ती प्रसिद्ध 'नर्तकी'? 10.5 सेंटिमीटर. ती नाचत नाहीये. कुणाची तरी वाट पाहून कंटाळल्यासारखी उभी आहे. नर्तकी हे नाव तिला उत्खनन करणाऱ्यांनी दिलं आणि ते चिकटलं.

याच काळात इजिप्तमध्ये पिरॅमिड उभे राहत होते. सिंधूच्या खोऱ्यात मात्र राजाचा प्रचंड पुतळा नाही, विजयस्तंभ नाही, थडग्यांत सोन्याचे ढीग नाहीत. मग एवढ्या मोठ्या, श्रीमंत शहरांनी आपलं कसब ओतलं कुठे? मुठीत मावतील अशा वस्तूंत. मुद्रा सर्वसाधारणपणे अडीच सेंटिमीटर चौरस. तेवढ्या जागेत वशिंडाचा बैल, त्याच्या गळ्याची लोंबती पोळी, पोळीवरची एकेक वळी. तीही उलटी कोरलेली, कारण ठसा सुलट उमटायला हवा. व्याख्यानानंतर मुद्रांवरची लिपी वाचली गेली का अशी चिठ्ठी हमखास येते, म्हणून आत्ताच सांगतो: नाही. वाचल्याचे दावे भरपूर आहेत. पुढे जाऊ.

मला आज थांबायचंय ते एका मण्यापाशी. अकिकाच्या जातीतला लाल दगड, कार्नेलियन. त्याचा लांबट, मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता मणी. कराचीजवळ अल्लाहदिनो नावाची त्या काळातली एक लहानशी वसाहत आहे. तिथे एका भांड्यात दागिन्यांबरोबर असे छत्तीस लांब मणी सापडले, कमरपट्ट्याचे.

हा मणी होतो कसा? त्याचं उत्तर गुजरातेत खंबायतला आजही मिळतं. भडोच जिल्ह्यात रतनपूरच्या आसपास अकिकाच्या खाणी आहेत. जमिनीतून दगड निघतो तो लाल नसतो, मळकट पिवळा-तपकिरी असतो. तो उन्हात वाळवायचा, मग मडक्यांत घालून मंद आचेवर भाजायचा. त्यातलं लोह तापून लाल होतं. एकदा भाजून भागत नाही, मधल्या टप्प्यांवर पुन्हा भाजावं लागतं. घाई केली की दगड तडकतो. मग तो फोडायचा. खंबायतचा कारागीर जमिनीत एक टोकदार लोखंडी सळई तिरकी रोवतो, तिच्या टोकावर दगड टेकवतो आणि वरून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने हलकेच ठोकतो. ठोका वरून, पण कपची उडते खालून, सळईच्या टोकाशी. लोखंडी हातोडी चालत नाही, दगडाला फार लागते. मी हे पाहायला बसलो तेव्हा पंधरा मिनिटांत एक मणी आकाराला आला. मी हात मारून पाहिला तर दोन तुकडे झाले. कारागीर काही बोलला नाही, दुसरा दगड त्याने मला दिला नाही एवढंच.

आता वेज. कार्नेलियन काचेपेक्षा कठीण. पोलादी सुरीने ओरखडा उठत नाही. सिंधूच्या लोकांकडे लोखंड नव्हतं, हिरा नव्हता, होतं तांबं आणि कांसं, जे या दगडापुढे लोण्यासारखं. तरी त्यांनी बोटापेक्षा लांब मण्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत वेज पाडलं. कशाने?

सिंधमधल्या चान्हुदडो इथे 1935-36 मध्ये अर्नेस्ट मॅके यांनी उत्खनन केलं. तिथे मणी करणाऱ्यांचा अख्खा कारखाना निघाला: अर्धवट मणी, फुकट गेलेले मणी, आणि दगडाचेच बारीक गिरमिट. पुढे केनॉयर आणि विदाले या पुरातत्त्वज्ञांनी ते तपासले. एक विशिष्ट बारीक कणांचा दगड, तोही भट्टीत तापवून आणखी कठीण केलेला. मॅके यांच्या स्मरणार्थ या दगडाला त्यांनी 'अर्नेस्टाइट' नाव दिलं. गिरमिटाचा आकार बघण्यासारखा आहे: टोक किंचित रुंद, मधला भाग किंचित बारीक. म्हणजे घासणारं फक्त टोक, आणि पाणी व दगडाची पूड बाहेर यायला बाजूने वाट. सुताराचा सामता तुम्ही पाहिला असेल, धनुकलीच्या दोरीने फिरणारा. तसाच हा फिरवायचा, वरून पाण्याचा थेंब थेंब सोडायचा.

केनॉयर आणि कुलदीप भान यांनी खंबायतच्या कारागिरांबरोबर बसून याचे प्रयोग केले. अर्नेस्टाइटच्या गिरमिटाने तासाला साधारण अडीच मिलिमीटर भोक पडतं. सहा सेंटिमीटरच्या मण्याला चोवीस तास, म्हणजे रोज आठ तासांचे तीन दिवस. मणी लांब असेल तर दोन्ही बाजूंनी पाडत जायचं आणि मध्यावर दोन्ही वेजं एकमेकांना भेटायला हवीत. हात केसभर चुकला तर दोन बोगदे शेजारून निघून जातात, आणि आठवड्याची मेहनत मातीत. त्या छत्तीस मण्यांच्या पट्ट्याला सगळं मिळून चारशे ऐंशी दिवस लागले असते, असा केनॉयर यांचा हिशेब आहे.

एवढ्या श्रमातला मोठा वाटा अशा जागी गेला, जी पट्टा कमरेला बांधल्यावर कोणालाही दिसणार नव्हती. बाहेरची लाली, तकाकी बघणाऱ्यासाठी. पण हा दागिना घालणाऱ्याची ऐपत किती, हे वेजावरून ठरत होतं. हा माझा तर्क आहे, पण त्याला आधार आहे: ज्यांना हे परवडत नव्हतं त्यांच्यासाठी त्याच आकाराचे मातीचे मणी करून त्यांना लाल रंग देत. माती ओली असतानाच तिच्यात काडी खुपसली की वेज तयार. दुरून पट्टा तसाच दिसत असणार. खोटे दागिने ही आपल्या काळाची देणगी आहे असं समजू नका.

हे लांब मणी मेसोपोटेमियातल्या उर शहराच्या राजघराण्याच्या दफनभूमीतही निघाले. अक्कडचा राजा सारगॉन शिलालेखात मिरवतो, की मेलुहाची जहाजं माझ्या धक्क्याला लागतात. मेलुहा म्हणजे सिंधूचाच प्रदेश असं बहुतेक अभ्यासक मानतात. तिकडच्या राजाला इथल्या पुतळ्यांचं कौतुक नव्हतं. त्याला मणी हवे होते.

दुसरं टोक बघा. स्टिअटाइट नावाचा मऊ दगड असतो, नखाने ओरखडा उठेल इतका मऊ. तो भट्टीत भाजला की पांढरा आणि कठीण होतो. मुद्रा याच दगडाच्या. आणि याच दगडाचे सूक्ष्म मणी: जाडी सुमारे एक मिलिमीटर. खसखशीच्या दाण्याएवढा मणी आणि त्याला वेज! बडोद्याच्या के. टी. एम. हेगडे यांनी गुजरातेत सापडलेल्या अशा मण्यांचा अभ्यास करून ते दगडाच्या पुडीच्या लगद्यापासून केले असावेत, असं मांडलं. मग प्रश्न आला की यात ओवला कोणता दोरा? 2009 मध्ये उत्तर आलं. चान्हुदडोच्या सूक्ष्म मण्यांच्या वेजात धाग्याचे तंतू टिकून राहिले होते. तपासले तर ते रेशीम निघालं, रानातल्या किड्यांचं.

दोऱ्याचा विषय निघालाय तर आणखी एक. मोहेंजोदडोच्या एका चांदीच्या भांड्याला कापडाचा तुकडा चिकटलेला मिळाला. चांदीच्या क्षारांमुळे तो कुजला नाही. तो तपासला गेला आपल्या मुंबईत, कापूस तंत्र प्रयोगशाळेत, गुलाटी आणि टर्नर यांच्याकडून. कापूसच होता.

शंखाच्या बांगड्यांबद्दल थोडं. द्वारकेच्या परिसरातलं नागेश्वर हे त्यांचं मोठं केंद्र. कांस्याच्या करवतीने शंखाची कडी कापायची. शंख आतून वळत गेलेला असल्यामुळे कडं एका जागी नीट जुळत नाही, तिथे सांधा दिसतो. कारागिरांनी काय केलं? तो सांधा झाकला नाही. नेमका तिथेच बाणाच्या टोकासारखा आकार कोरला आणि तीच बांगडीची नक्षी ठरली. गंमत म्हणजे शंख नसलेल्या, भाजलेल्या लुकणाच्या बांगड्यांवरही ते हा आकार काढत. तिथे सांधा नव्हताच.

1947 मध्ये या वस्तूंचीही फाळणी झाली. पुरोहित राजा शेवटी पाकिस्तानात गेला, नर्तकी दिल्लीत राहिली. मोहेंजोदडोचा सोन्याच्या चकत्यांचा आणि हिरव्या मण्यांचा एक हार होता, कार्नेलियनचा एक कमरपट्टा होता. ते दोन्ही दोरा सोडून मधोमध वाटून घेतले. अर्धे मणी इकडे, अर्धे तिकडे. मोजून. ज्याने ते वाटले त्या कारकुनाच्या हाताचा मला नेहमी विचार येतो.

आता शेवटी आपल्या प्रवरेकाठी. श्रीरामपूर तालुक्यातलं दायमाबाद. 1974 मध्ये एका शेतकऱ्याला खणताना चार मोठ्या तांब्याच्या वस्तू लागल्या: बैलजोडीचा रथ आणि त्यात उभा माणूस, हत्ती, गेंडा, रेडा. सगळ्या मेणाच्या साच्यातून ओतलेल्या, आत पोकळी नाही, मिळून वजन साठ किलोंहून जास्त. पुढे एस. ए. साळी यांनी तिथे उत्खनन केलं आणि त्या वस्तू उत्तर-हडप्पा, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या अखेरच्या काळातल्या असल्याचं मत मांडलं. वाद आहे. धातूतलं आर्सेनिकचं प्रमाण बघून काहींनी शंका काढल्या. मला त्या वादात आज पडायचं नाही. मुठीत मावणाऱ्या वस्तूंची सवय असलेल्या डोळ्यांना हा ऐवज अचानक अवजड वाटतो, हे मात्र खरं.

पण जवळ जाऊन बघा. गेंडा आणि रेडा चाकांवर उभे आहेत. मिरवणुकीत ओढत नेत असतील. हत्ती ज्या पाटावर उभा आहे त्याच्या खाली चार कड्या ओतलेल्या आहेत आणि त्या चारही कड्यांना आस जाण्यासाठी वेजं आहेत. चाकं मिळाली नाहीत.