पूर, भाड्याचे घर आणि विमा



गोव्याला पाऊस नवा नाही आणि पूरही नवा नाही. तथापि २३ जुलै २०२१ रोजी सत्तरी, डिचोली आदी भागांत नद्यांचे पाणी घराघरांत शिरले, तेव्हा १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर असल्याचे राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी सांगितले. शेकडो घरांची हानी झाली. पाणी ओसरले की चिखल उपसला जातो. पण ज्या घराचा मालक एक आणि राहणारा दुसरा, तेथे खरा प्रश्न त्यानंतरच उभा राहतो. नुकसान कोणाचे, दुरुस्ती कोणाची आणि भाडे चालू की बंद?

एखादी वृद्ध विधवा घराच्या भाड्यावर गुजराण करीत असते. त्याच घरात शिवणयंत्रावर पोट भरणारा भाडेकरू राहत असतो. पुराने दोघांचीही उपजीविका एकाच रात्रीत हिरावून घेतली, तर ते एकमेकांचे वैरी होणे सोपे असते. कायदा आणि विमा यांची थोडी माहिती असेल तर तो प्रसंग टळू शकतो.

प्रथम कायदा पाहावा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम १०८ मध्ये, करारात अन्यथा ठरलेले नसल्यास लागू होणारे नियम दिले आहेत. पुराने जागेचा महत्त्वाचा भाग पूर्णपणे नष्ट झाला, किंवा ज्या कामासाठी ती घेतली त्यासाठी ती बव्हंशी व कायमची निरुपयोगी झाली, तर भाडेपट्टा रद्द समजण्याचा अधिकार भाडेकरूस आहे. येथे ‘कायमची’ हा शब्द महत्त्वाचा आहे. चार दिवस पाणी साचले एवढ्यावरून भाडे आपोआप थांबत नाही. उलटपक्षी, अनिवार्य नैसर्गिक आपत्तीने झालेली पडझड भाडेकरूने भरून द्यावी, असेही कायदा म्हणत नाही. मालकावर बंधनकारक असलेली दुरुस्ती सूचना देऊनही वाजवी मुदतीत झाली नाही, तर भाडेकरूस ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. म्हणून सूचना लेखी असावी आणि तिची पोच जपून ठेवावी.

आता विमा. मालकाने घराचा विमा उतरविला म्हणजे भाडेकरूचे सामानही सुरक्षित झाले, हा समज सर्वत्र आढळतो आणि तो चुकीचा आहे. ज्याचे हित त्याचाच विमा, हे या व्यवहाराचे मूलतत्त्व होय. भिंती, छप्पर व जमीनतळ यांचा विमा मालकाने, तर कपाटे, यंत्रे व कापड यांचा विमा भाडेकरूने उतरवावयाचा असतो.

१ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी उपलब्ध झाली. तिच्यात पुराचा धोका समाविष्ट असून, घर राहण्यास अयोग्य झाल्याने बुडालेल्या भाड्याचीही तरतूद आहे. मात्र भाडे किती होते हे दाखविण्यास लेखी करार हवा. तोंडी व्यवहारात मालकाचा हा हक्क दुबळा होतो.

विम्याची रक्कम ठरविताना जमिनीची किंमत धरू नये. बांधकाम पुन्हा उभारण्यास येणारा खर्च धरावा. सर्वसाधारण विम्यात रक्कम कमी धरल्यास भरपाईही त्याच प्रमाणात घटते. वीस लाखांच्या बांधकामाचा विमा दहा लाखांचाच असेल, तर चार लाखांच्या हानीबद्दल दोन लाखच मिळतात. गृह रक्षा पॉलिसीत क्षेत्रफळ इत्यादी माहिती खरी दिलेली असल्यास ही कपात होत नाही. वर्षानुवर्षांची ओल व देखभालीचा अभाव यांमुळे झालेली हानी मात्र पुराच्या नावावर मागता येत नाही.

पाणी ओसरताच विमा कंपनीस कळवावे. भिंतीवरील पाण्याची खूण पुसण्यापूर्वी तिचे छायाचित्र घ्यावे. बिघडलेल्या वस्तूंची यादी करावी आणि सर्वेक्षकाने पाहणी करेपर्यंत त्या फेकू नयेत. मामलतदार कार्यालयाकडून झालेल्या पंचनाम्याची प्रत मिळवावी. शासनाची मदत तातडीच्या गरजेसाठी असते. ती विम्याची जागा घेऊ शकत नाही.

दावा नाकारला गेल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर न आल्यास अथवा उत्तर असमाधानकारक असल्यास एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते.  तेथे शुल्क लागत नाही व वकिलाचीही गरज नसते.

मृग नक्षत्रापूर्वी घर शाकारण्याची रीत गोव्यात जुनी आहे. त्याच वेळी मालक व भाडेकरू यांनी एकत्र बसून करार वाचावा, दोघांच्या पॉलिसींची मुदत पाहावी आणि कागदपत्रे उंच, कोरड्या जागी ठेवावीत. पाणी उंबरठ्याशी आल्यावर उतरविलेला विमा उपयोगी पडत नाही. मृगापूर्वी झालेले हे बोलणे मात्र पुरानंतर त्या दोघांचेही घर आणि त्यांच्यातील सलोखा राखू शकते.