जुनें घर आणि रिकामा गोठा

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या कुटुंबमेळाव्यांत प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवासाठीं आपण देवळाचें छप्पर उतरविलें, सडलेले वासे बदलले आणि कौलें धुवून पुन्हां चढविलीं, हें आपणां सर्वांस ठाऊक आहेच. त्या कामीं ज्यांनीं पैका दिला त्यांचे, आणि पैका नव्हता म्हणून ज्यांनीं आपले हात दिले त्यांचेहि आभार मीं वेदीवरून मानले आहेत. आज कुटुंबांचा मेळावा आहे. म्हणून देऊळ बाजूस ठेवून घरांविषयीं बोलावें असें मीं योजिलें आहे. घरें आशीर्वादित करण्यास मी आळीआळींतून फिरतों, तेव्हां जुनीं कौलारू घरें एकामागून एक बंद झालेलीं दिसतात. कोठें दारास कुलूप, कोठें छपरावर निळें प्लॅस्टिक, कोठें बिल्डरची पाटी. कारण विचारावें तर उत्तर मिळतें, "फादर, दुरुस्ती परवडत नाहीं." हें उत्तर खोटें नाहीं, पण अपुरें आहे. हें सांगण्याचा माझा अधिकार धर्मगुरूचा नव्हे; बंद पडूं पाहणाऱ्या अशाच एका घरांत मी वाढलों, एवढाच आहे.

आमचें घर वसईच्या पश्चिमेकडील बागायती पट्ट्यांतलें. दगडी जोतें, चुन्यांत बांधलेल्या भिंती, सागाच्या तुळया, वर मंगळुरी कौलें. (या कौलांचा कारखाना मंगळुरास १८६५ सालीं बाझेल मिशनच्या प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनीं काढला, आमच्या कॅथलिक छपरांनीं त्याबद्दल कधीं तक्रार केल्याचें ऐकिवांत नाहीं.) पुढें ओटी, मध्यें माजघर, मागें स्वयंपाकघर, आणि परसांत विहिरीजवळ बैलांचा गोठा. विहिरीवर रहाट होता. बैल डोळ्यांस झांपड लावून गोल फिरत, आणि गाडग्यांनीं उपसलेलें पाणी केळींस व पानवेलींस जाई. विजेचा पंप आला, रहाट थांबला, बैल विकले गेले, पुढें गाय बाळगणेंहि सुटलें. मग सर्वांच्या गोठ्यांत जें जमतें तेंच आमच्याहि गोठ्यांत जमलें: मोडकी खाट, गंजलेले पत्रे, फुटकीं कौलें, आणि "पुढें कधीं तरी लागेल" म्हणून ठेवलेलें सर्व कांहीं.

बाबा २००८ सालीं वारले, आई २०१६ सालीं. आम्ही चार भावंडें: थोरले बंधु, त्यांच्या पाठची ताई, मग मी, आणि सर्वांत धाकटा. घरांत राहत होते थोरले बंधु. त्यांना दुरुस्तीसाठीं कर्ज काढावयाचें होतें, आणि त्यासाठीं घर एका नांवावर होणें अवश्य होतें. तेव्हां असें ठरलें कीं, ताईनें आपला हक्क सोडल्याचा कागद लिहून द्यावा. ठरविलें कोणीं? आम्हां तिघां भावांनीं. ताईच्या लग्नांत जें दिलें तेंच तिचें, असें आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बोललें जातें, आणि मीहि त्यावर कधीं दुसरा विचार केला नव्हता. कागद नेण्याचें काम मजकडे आलें, कारण फादरांस ती नाहीं म्हणणार नाहीं.

मी गेलों, चहा घेतला, आणि कागद पुढें केला. ताईनें तो वाचला. मग ती म्हणाली, "तूं भाऊ म्हणून आलास कीं फादर म्हणून? फादर म्हणून आला असशील तर सही करतें."

बंधुभगिनींनो, अनेकांचीं पापें ऐकून घेण्याची मला संवय आहे. पण माझें स्वतःचें पाप इतक्या थोड्या शब्दांत कोणीं माझ्यापुढें ठेविलें नव्हतें. मी कागद घडी करून परत आणला.

नंतर मीं कायदा समजून घेतला, तो आधीं समजून घ्यावयास हवा होता. आपणां ख्रिस्ती लोकांस १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. बायकामुलें असलेला मनुष्य मृत्युपत्र न करतां वारला तर एक तृतीयांश पत्नीचा आणि दोन तृतीयांश मुलांचा. आणि त्या दोन तृतीयांशांत मुलगा व मुलगी असा भेद मुळींच नाहीं. म्हणजे बाबांच्या मागें आईचा १/३ व आम्हां प्रत्येकाचा १/६, आणि आईच्या मागें चौघांचा सारखा १/४. (गोव्यांतील आपल्या आप्तांचा कायदा निराळा आहे, त्यांनीं माझ्या गणितावर विसंबूं नये.) ताईचा वाटा आमच्या मर्जीचा नव्हताच. बहिणीनें आपण होऊन हक्क सोडला तर ती गोष्ट वेगळी. परंतु तिला न विचारतां कागद तयार करावयाचा आणि तो फादरांच्या हातीं पाठवावयाचा, याला प्रेम म्हणतां येणार नाहीं. या सभेंत ज्यांच्या खिशांत असा कागद असेल त्यांनीं तो आज घरीं जाऊन पुन्हां वाचावा.

यापुढें मी आणखी एक चूक केली. लाजेनें गप्प बसलों. "मी धर्मगुरु, मला मालमत्तेंत पडावयाचें नाहीं," हें वाक्य ऐकावयास बरें वाटतें. पण तीन वर्षें माझ्या या वैराग्याच्या आड घर गळत होतें. धाकट्यास तें बिल्डरला द्यावयाचें होतें, थोरल्यांस ठेवावयाचें होतें, आणि कोणाचें कोणाशीं बोलणें नव्हतें. जें घर सर्वांचें असतें त्याचें एक कौलहि कोणी बदलीत नाहीं.

कोंडी फुटली ती वहिनींमुळें. ताईची मुलगी शिवणकाम करणारी. मुंबईस एका कारखान्यांत ती विरारच्या गाडीनें जात येत असे. मूल झाल्यावर तें सुटलें. भाड्याचें दुकान परवडेना, आणि सासरच्या दोन खोल्यांत पाळणा व मशीन एकत्र मावेना. वहिनी एके दिवशीं जेवतां जेवतां म्हणाल्या, "गोठा रिकामा आहे. तो तिला द्या." आम्ही घर वांचविण्याचा विचार करीत होतों, तो वारशाचा, आठवणींचा, आईबाबांच्या नांवाचा. त्या घरांत आतां काम कोणतें चालणार, हा प्रश्न आम्हां तिघांपैकीं एकासहि सुचला नव्हता.

मग वांटणी झाली. गोठा व त्याखालची जागा ताईच्या नांवें नोंदणीकृत दस्तानें झाली, घर थोरल्यांच्या नांवें. माझा वांटा मीं त्या दोघांत मिळवून दिला. धाकट्यास त्याच्या वांट्याची रक्कम हप्त्यांनीं द्यावयाची ठरली. बिल्डरनें याहून अधिक दिली असती, हें त्याचें म्हणणें खरें आहे. त्याला तें अजून सलतें, आणि गेल्या नाताळांत तो घरीं आला नाहीं. हें सांगितलें नसतें तर माझी गोष्ट अधिक गोड झाली असती.

आतां दुरुस्तीविषयीं, कारण पुष्कळांना तेंच ऐकावयाचें आहे, हें मला येथून दिसतें.

काम २०२१ च्या नोव्हेंबरांत, पाऊस पूर्ण ओसरल्यावर सुरू झालें. पहिलें छप्पर. घराच्या भिंती कितीहि वाईट दिसोत, छप्पर कोरडें झाल्यावांचून त्यांस हात लावूं नये. मंगळुरी कौलें एका चौरस मीटरास सुमारें १५ लागतात. आमच्या गवंड्यानें एकेक कौल हातीं घेऊन बोटाच्या पेरानें वाजविलें. खणखणीत वाजलें तें ठेविलें, बद्द वाजलें तें फेंकलें. निम्म्याहून अधिक कौलें पुन्हां वर गेलीं. तुळया मध्यें ठणठणीत होत्या, सडलीं होतीं तीं केवळ भिंतींत शिरलेलीं टोकें. अख्खी तुळई फेंकावयाची नसते. सडका भाग चांगल्या लांकडापर्यंत कापून तेथें नवा सागाचा तुकडा सांधला, लोखंडी पट्ट्या व बोल्ट लाविले, आणि टोंकाभोंवतीं वारा खेळावा म्हणून भिंतींत थोडी पोकळी सोडली.

भिंतींचें दुखणें मात्र आम्हींच निर्माण केलेलें होतें. २०१२ सालीं माजघराच्या भिंतीस खालून ओल आली, तेव्हां आंतून सिमेंटचा गिलावा करण्याचा सल्ला मींच दिला होता. स्वस्त, झटपट आणि दिसावयास स्वच्छ. चुन्याची भिंत जमिनींतून ओल घेते खरी, पण ती बाहेर टाकतेहि. सिमेंटनें ती वाट बंद केली. ओल आंतल्या आंत वर चढली, गुडघ्याची छातीपर्यंत आली, लोणा फुटला. गिलावा काढला तेव्हां मागचा चुना मुठींत घेतां भुगा होत होता. आणि मूळ ओल कशानें? अंगणांत वर्षानुवर्षें भर घातल्यानें बाहेरची जमीन जोत्याच्या वर आली होती, आणि पागोळ्यांचें पाणी भिंतीच्या मुळाशींच जिरत होतें. अंगण नऊ इंच खालीं उतरविलें, छपरास पन्हळी लाविल्या. हें काम सर्वांत कमी खर्चाचें होतें, व दहा वर्षांपूर्वीं तेवढेंच केलें असतें तर पुरलें असतें.

सिमेंट काढल्यावर गवंडी म्हणाला, "फादर, आतां एक वर्ष भिंतीला श्वास घेऊं द्या." एक उन्हाळा आणि एक पावसाळा ती उघडी ठेविली. लोणा ओढून घेण्यासाठीं चुन्याचा एक कच्चा थर दिला, तो खरवडून टाकला, आणि मगच खरा गिलावा केला. कळीचा चुना पाण्यांत विरवून तो खड्ड्यांत दोन महिने भिजत ठेविला होता; त्यांत वाळू व विटांची सुरखी. चुन्याची एक गंमत अशी कीं, भट्टींत दगडांतून जो वायु निघून जातो, तोच वायु गिलावा वाळतांना हवेंतून हळूहळू परत घेतो आणि पुन्हां दगड होतो. त्यास वर्षें लागतात. घाई असणाऱ्यांनीं चुन्याच्या वाटेस जाऊं नये.

गोठ्याची गोष्ट निराळी. तेथील जमीन पिढ्यान्‌पिढ्या गोमूत्र प्यालेली. पूर्वीं सोरा करणारे लोक गोठ्यांची माती गोळा करीत, ती याच कारणानें. अशा जमिनीवर नुसती फरशी घातली तर तेंच क्षार वर येऊन फरशी व भिंत दोन्ही खातात. म्हणून दोन फूट माती उपसली. पण भिंतीच्या पायाजवळ एकदम नव्हे, थोड्या थोड्या अंतरानें, नाहीं तर भिंतच खालीं बसावयाची. त्यांत दगडगोटे, वर चुन्याचा कोबा, वर शहाबादी फरशी, अशी एक फूट भर घातली. उरलेल्या एका फुटानें ठेंगणा गोठा आपोआप उंच झाला. उत्तरेच्या भिंतींत दोन खिडक्या काढल्या आणि छपरांत सहा कांचेचीं कौलें बसविलीं. सुईंत दोरा ओंवावयास दिवसा दिवा लागत नाहीं. विजेचें मीटर वेगळें घेतलें आणि अर्थिंग जाणत्या माणसाकडून करविलें, कारण इस्तरी आणि ओली जमीन यांचें जमत नाहीं.

एका बाबतींत वाद झाला. तेथें स्त्रियांसाठीं शौचालय हवें, असें भाचीचें म्हणणें. घर पांच पावलांवर असतां हा खर्च कशास, असें थोरल्यांचें. मीं भाचीचा पक्ष घेतला. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरांतून वाट काढून जावें लागतें अशा ठिकाणीं परकी बाई कामास टिकत नाहीं. ज्या जागेंत काम करणाऱ्याची एवढीहि सोय नाहीं ती दुरुस्त झाली तरी गोठाच राहिली, असें माझें मत मीं त्यांस सांगितलें, आणि तें त्यांना आवडलें नाहीं.

१ मे २०२३ रोजीं त्या जागेस मीं आशीर्वाद दिला. पोप बारावे पायस यांनीं १९५५ सालीं हा दिवस संत योसेफ कामगाराचा म्हणून नेमून दिला आहे. शुभवर्तमानांत योसेफास ज्या ग्रीक शब्दानें संबोधिलें आहे तो 'टेक्टोन'. आपण त्याचें 'सुतार' असें भाषांतर करतों, पण घरें बांधणारा कारागीर असाहि त्याचा अर्थ होतो, असें आम्हांस सेमिनरींत शिकविलें होतें. तेव्हां तें परीक्षेपुरतें वाटलें होतें. नासरेथांतहि कोणाचें तरी गळकें छप्पर त्यानें दुरुस्त केलें असेल.

आज तेथें तीन मशीनें चालतात. भाची, आणि आपल्याच आळींतल्या दोन भगिनी. पहिल्या कम्युनियनचे व लग्नाचे झगे शिवले जातात. माळ्यावरच्या जुन्या फळ्यांचें कापड बेतण्याचें मेज झालें. गव्हाण काढून टाकावी असें सुताराचें मत होतें, पण भाचीनें ती राहूं दिली व तींत कापडाचे तागे ठेविले. गेल्या नाताळांत मुलें ख्रिस्तजन्माच्या देखाव्यासाठीं खरी गव्हाण मागावयास आलीं, तेव्हां तिनें स्वच्छ नकार दिला: नाताळानंतरच्या लग्नांचे झगे तींत होते. मुलें मजकडे तक्रार घेऊन आलीं. मीं त्यांस खोक्याचीच करावयास सांगितलें.

ताई आतां दुपारीं नातवाला घेऊन तेथें येते आणि काजें करीत बसते. त्या कागदाविषयीं आम्ही दोघें पुन्हां बोललों नाहीं. मात्र मी गेलों कीं ती आधीं विचारते, "आज कोण आलें?" आणि मी सांगतों, "भाऊ."

शेवटीं एक व्यवहाराची सूचना. आमच्या परसांतल्या खड्ड्यांत विरवलेला चुना अजून बराच शिल्लक आहे. त्यावर वीतभर पाणी राखलेलें आहे, त्यामुळें तो बिघडत नाहीं. मुरेल तितका चांगला होतो. ज्यांना लागेल त्यांनीं रविवारच्या मिस्सेनंतर घमेलें घेऊन यावें. डोळे सांभाळावेत, मुलांना बरोबर आणूं नये.