बॉनेटजवळ कुणी उभं राहायचं?

(मावळ तालुक्यातल्या बेडसे गावी, बचत गटांच्या बायकांपुढे केलेलं भाषण. उतरवून घेताना बोलण्याची ढब तशीच ठेवली आहे.)



तुमच्या गटाच्या ताईंनी मला विचारलं, फळ्यावर विषय काय लिहू? मी म्हटलं, लिहा, ‘गाडीच्या इंजिनातली तुटलेली व्हॉल्व्ह स्प्रिंग कशी बदलायची’. त्या हसल्या. म्हणाल्या, अहो, बायकांचा मेळावा आहे ना! मी म्हटलं, म्हणूनच.

हुंडा, मारहाण, दारू, सातबारा यांवर आपण बोलतो आणि बोलत राहायलाच हवं. पण आज मी एका वीतभरही नसलेल्या स्प्रिंगबद्दल बोलणार आहे, कारण त्या स्प्रिंगने मला जे शिकवलं ते कुठल्या शिबिरात शिकले नव्हते.

गोष्ट २००३ सालच्या पावसाळ्यातली. यजमानांचं कंबरेचं दुखणं वाढलं आणि त्यांचं गाडी चालवणं थांबलं. घरात एक जुनी, चार सिलिंडरची पेट्रोल गाडी होती. घरचं दूध आणि भाजी पहाटे कामशेतला पोचवायची, हीच आमची कमाई. मी लायसन काढलं आणि गाडी चालवू लागले. लोक बघायचे, हसायचे, मग सवय झाली.

एके दिवशी चढाला गाडी अडखळायला लागली. ताकद लागेना, सायलेन्सरमधून फटफट आवाज, आणि इंजिनाच्या वरच्या बाजूला टकटक. मिस्त्री लोक ज्याला ‘मिसिंग’ म्हणतात ते हेच. मी रस्त्यावरच्या एका गॅरेजात गेले. सोबत चौदा वर्षांचा भाचा होता. गॅरेजवाल्याने मला म्हटलं, ‘ताई, तुम्ही सावलीत बसा,’ आणि सगळं भाच्याला सांगायला लागला. गाडी माझी, चालवते मी, आवाज ऐकला मी. पण बॉनेटजवळ उभा कोण? ज्याला मिसरूडही फुटलं नव्हतं तो! शेवटी आकडा सांगितला अठरा हजार. ‘इंजिन सगळं खोलावं लागेल.’ अठरा हजार म्हणजे आमची म्हैस होती.

मी गाडी तशीच हळूहळू माघारी आणली. ओळखीतले एक म्हातारे मिस्त्री होते, हात थरथरायला लागल्यामुळे घरीच असायचे. त्यांनी सांगितलं, ‘एकेका प्लगची वायर काढून बघ. जी काढल्यावर इंजिनाच्या आवाजात फरक पडतो तो सिलिंडर चांगला. जी काढूनही फरक पडत नाही तो मेलेला.’ रबरी मूठ असलेल्या पकडीने मी एकेक वायर काढली. तिसऱ्याला काही फरक नाही. इंजिन गार होऊ दिलं, वरचं झाकण उघडलं. ओळीने आठ स्प्रिंगा. त्यातली एक मधोमध तुटून खाली बसलेली. बस्स. एवढंच.

आता ही स्प्रिंग करते काय? इंजिनात पेट्रोल आणि हवा आत यायला एक झडप असते, जळका धूर बाहेर जायला दुसरी. झडपेलाच व्हॉल्व्ह म्हणतात. कॅम नावाचा उंचवटा फिरतो आणि झडप उघडतो. मिटायचं काम मात्र स्प्रिंगचं. इंजिनाचा मुख्य दांडा मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर प्रत्येक झडप दीड हजार वेळा उघडते. म्हणजे सेकंदाला पंचवीस वेळा, तासाला नव्वद हजार वेळा. प्रत्येक वेळी स्प्रिंग दाबली जाते आणि परत उठते. कुठेतरी गंजाचा ठिपका पडतो, बारीक ओरखडा असतो, तिथून चीर वाढत जाते आणि एक दिवस तार तुटते. दबून दबून एखादी गोष्ट तुटते हे तुम्हाला मी काय समजावून सांगू!

स्प्रिंग तुटली की झडप नीट मिटत नाही, दाब राहत नाही, तो सिलिंडर काम सोडतो. तसंच दामटत राहिलं तर झडप खाली उतरून पिस्टनवर आदळू शकते. मग मात्र खरंच अठरा हजार लागतात. म्हणून असा आवाज आला की गाडी थांबवायची.

मिस्त्रीकाका खुर्चीत बसून सांगत होते, मी करत होते. कसं केलं ते सांगते.

आधी बॅटरीची वायर सोडली. मग झडपांवर दाब देणारे रॉकर सोडवले. आमच्या गाडीत ते हेड न हलवता वरून सुटत होते. काही गाड्यांत रॉकरचे आणि हेडचे बोल्ट एकच असतात, तिथे ही रीत चालत नाही. हेड उतरवावंच लागतं. म्हणून आधी आपल्या गाडीचं माहितीपुस्तक बघायचं.

आता अडचण अशी, की स्प्रिंग काढली तर झडपेला धरून ठेवायला काही उरत नाही, ती सिलिंडरमध्ये घसरते. काका म्हणाले, ‘धुणं वाळत घालायची दोरी आण. नवी, मऊ, धागे न सुटणारी.’ मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. पण पिस्टन थोडा खाली असताना प्लगच्या भोकातून दोरी आत सारायची, टोक बाहेर ठेवायचं. मग इंजिन हाताने हळूहळू फिरवायचं. स्टार्टर अजिबात मारायचा नाही. पिस्टन वर येतो, दोरीचा गोळा झडपेखाली दबतो आणि झडप जागच्या जागी अडकते. हेड उतरवायचं कामच वाचलं.

खाली तेल जायची भोकं असतात, ती फडक्याने बुजवली. डोळ्यांवर यजमानांचा चष्मा चढवला, कारण दाबलेली स्प्रिंग सुटली तर डोळा जाऊ शकतो. स्प्रिंगवर तोंड नेऊन कधी वाकायचं नाही. दाबायच्या क्लॅम्पने स्प्रिंग दाबली की वरच्या टोपीत दोन छोटे अर्धगोल लॉक दिसतात. ते चुंबकाने उचलले. टोपी काढली, तुटलेली स्प्रिंग काढली. नवी घालण्याआधी चांगल्या स्प्रिंगेशेजारी उभी करून उंची पाहिली. जिचे वेढे एका टोकाला जवळजवळ असतात, तिचं ते टोक सहसा खाली ठेवतात. पुन्हा दाबली, लॉकना थोडं ग्रीस लावून जागेवर बसवलं. ग्रीसमुळे ते घसरत नाहीत. हळूच क्लॅम्प सोडला आणि दोन्ही लॉक सारखे बसले का ते पाहिलं.

एक तुटली म्हणजे बाकीच्याही तितक्याच वयाच्या. म्हणून आठही बदलल्या. दर वेळी पिस्टन खाली घेऊन दोरी सैल करायची, बाहेर काढायची आणि पुढच्या सिलिंडरमध्ये घालायची. शेवटी रॉकर बसवले, फिलरच्या पातळ पट्टीने पुस्तकातल्या मापाप्रमाणे फट जुळवली, इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून कुठे अडत नाही ना ते पाहिलं, आणि मग चावी फिरवली. चारही सिलिंडर बोलायला लागले. सगळा खर्च हजाराच्या आत. वेळ लागला एक अख्खा दिवस. सरावाच्या माणसाला इतका लागत नाही.

आता मला सांगा, यात ताकदीचं काम कुठलं होतं? क्लॅम्प स्क्रूवर चालतो. बोटभर लॉक चिमटीत धरायला ताकद नाही, हात स्थिर लागतो. पोथीचे मणी ओवणाऱ्या, भाताची लावणी करणाऱ्या बोटांना हे जड आहे? तांदळाचं पन्नास किलोचं पोतं उचलताना आपल्याला कुणी ‘सावलीत बसा’ म्हणत नाही. सावली फक्त तिथेच मिळते जिथे काम शिकून पैसा मिळतो.

हे मी एकटीच्या अनुभवावरून बोलत नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम २२ होतं. चालू यंत्राच्या मुख्य भागांची साफसफाई, तेलपाणी, जुळवाजुळव स्त्रियांना आणि अल्पवयीनांना करू देऊ नये, असं त्यात लिहिलं होतं. बाई आणि पोर एका ओळीत! चालू पट्टा पुरुषाचं बोट सोडून देतो का? धोका असेल तर यंत्राला जाळी बसवा, सगळ्यांसाठी बसवा. धोक्याच्या नावाखाली शिकायची जागाच बंद करायची, ही जुनी रीत आहे. २०२० च्या नव्या संहितेत स्त्रियांना सर्व प्रकारच्या कामांवर घेता येईल असं म्हटलं आहे. कागद बदलला. आता गॅरेजातला माणूस बदलायचा आहे.

याच पट्ट्यातली दुसरी गोष्ट. १९७४ साली टेल्कोने इंजिनिअर हवेत अशी जाहिरात दिली आणि खाली लिहिलं, स्त्रियांनी अर्ज करू नये. सुधा कुलकर्णी नावाच्या मुलीने, म्हणजे पुढच्या सुधा मूर्तींनी, जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला. मुलाखत पुण्यात झाली आणि त्यांना नोकरी मिळाली. आणि आपल्या कामशेतवरून जो लोहमार्ग जातो, त्यावर ८ मार्च २०११ ला साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी डेक्कन क्वीन पुण्याहून मुंबईला नेली, बोरघाट उतरून. रेल्वे चालवणाऱ्या त्या देशातल्या पहिल्या स्त्री. कराडच्या तंत्रनिकेतनात शिकलेल्या.

दूरचंही एक उदाहरण देते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांची लढाऊ विमानं एकदम नाक खाली करून झेपावली की इंजिन क्षणभर बंद पडायचं, कारण कार्बोरेटरमधलं पेट्रोल उसळायचं. १९४१ मध्ये बिअॅट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईने भोक असलेला धातूचा एक छोटासा तुकडा बनवला. तो पेट्रोलच्या वाटेत बसवला की काम भागायचं, आणि त्यासाठी इंजिन उतरवायची गरज नव्हती. मोठं दुखणं, लहानसा तुकडा. पण तो कुठे बसवायचा ते कळायला इंजिनाजवळ उभं राहू दिलेलं असावं लागतं.

आता तुमच्या मनातला प्रश्न. मागच्या वेळी एका मावशींनी तो विचारलाच होता: ‘पोरी, चूल, शेण, शेत, पाणी, त्यात आणखी हे काम आमच्या डोक्यावर कशाला?’ प्रश्न बरोबर आहे. बाईने गाडीही दुरुस्त करायची आणि भाकऱ्याही तिनेच थापायच्या, हे मला मान्य नाही. त्या दिवशी मी स्प्रिंग बदलत होते तेव्हा भात यजमानांनी लावला होता. करपला, पण लावला. आणि मी प्रत्येकीने मिस्त्री व्हावं असंही म्हणत नाही. मी म्हणते, माहिती आपल्या हातात असावी. अठरा हजार आणि एक हजार यांच्यातला फरक हा लोखंडाचा नव्हता, माहितीचा होता. जिला माहीत नाही तिच्याकडून सतरा हजार जास्त घेता येतात. दवाखान्यात, तलाठ्याकडे, बँकेत, गॅरेजात, सगळीकडे हेच चालतं.

वर डोंगरात तुमची लेणी आहेत. तिथल्या पाण्याच्या टाक्याजवळ ब्राह्मी लिपीतला एक लेख आहे. सामडिनिका नावाच्या स्त्रीने ते दान दिल्याचं त्यात कोरलंय. अमक्याची लेक, तमक्याची बायको हेही कोरलंय, पण तिचं स्वतःचं नाव आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी दान देणारी म्हणून बाईचं नाव दगडावर लागलं. कारागीर म्हणून अजून गॅरेजच्या पाटीवर लागत नाही. ते लागायला हवं.

म्हणून तीन गोष्टी करा. एक, गाडी दुरुस्तीला नेली की सावलीत बसू नका, बॉनेटजवळ उभ्या राहा आणि काढलेला जुना भाग परत मागा. दोन, गटाच्या पैशातून पान्यांचा एक संच, एक फिलर, एक स्प्रिंग दाबायचा क्लॅम्प घ्या. पापडाचं यंत्र घेतो तसाच. तीन, दहावी झालेल्या मुलीला आयटीआयचा फॉर्म भरताना शिवणकामाच्या शेजारी मोटार मेकॅनिकचा रकानाही दाखवा. निवड तिची. पण रकाना झाकून ठेवू नका.

माझी तुटलेली स्प्रिंग मी आणली आहे. हातोहात फिरवा, बघा. जाताना मात्र परत द्या. ती सतरा हजारांची आहे.