सरखेलांच्या गुराबेचे तिकीट

समुद्रापासून शेकडो कोस दूर, वैनगंगेच्या तीरी राहणाऱ्या भंडारेकरांपुढे आरमाराचा विषय मांडावा, हे प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटेल. परंतु भारतीय टपाल खात्याने एप्रिल 1999 मध्ये मराठ्यांच्या आरमाराचे प्रमुख, सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या स्मरणार्थ काढलेले तिकीट ज्याने लक्षपूर्वक पाहिले असेल, त्याला त्या इवल्याशा कागदात आपल्या प्रांताच्या इतिहासालाही लागू पडणारा एक बोध सापडल्यावाचून राहणार नाही.

या तिकिटासाठी जे चित्र निवडले गेले, ते सुमारे 1700 सालातील, आंग्र्यांच्या आरमारातील एका गुराबेचे, म्हणजे लढाऊ नौकेचे आहे. ही निवड मला अत्यंत उचित वाटते. कारण कान्होजींचा पराक्रम त्यांच्या नौकांच्या घडणीपासून वेगळा काढताच येत नाही. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, मध्यभागी रुंद, नाळेकडे निमुळती होत गेलेली आणि उथळ बुडाची असे. तिच्या नाळेवरील तोफा सरळ समोर मारा करीत, आणि वारा पडला म्हणजे चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबते तिला ओढून नेत. खोल बुडाची विलायती जहाजे ज्या खाड्यांच्या मुखाशीच अडत, तेथे ही नौका निर्धास्त शिरे. कोकण किनाऱ्याच्या स्वभावाशी असे तादात्म्य पावलेले आरमार हाताशी होते, म्हणूनच 1718 मध्ये खांदेरीवर चालून आलेल्या इंग्रजांना आणि 1721 मध्ये कुलाब्यावर एकत्र आलेल्या इंग्रज-पोर्तुगीजांना हात हलवीत परतावे लागले, आणि 1729 मध्ये देह ठेवीपर्यंत सरखेलांच्या दस्तकाचा, म्हणजे सागरी परवान्याचा, अंमल त्या पाण्यावर चालत राहिला. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या दप्तरांनी ज्यांना चाचे ठरविले, त्यांना स्वतंत्र भारताच्या टपालाने दिलेला हा मान म्हणजे अन्यायाची दुरुस्तीच होय.

आता आपल्या प्रांताकडे वळू. बंगालच्या नवाबाशी झालेल्या 1751 च्या तहाने ओडिशाचा अंमल नागपूरकर रघूजी भोसल्यांकडे आला, आणि ज्या दौलतीत आपला भंडारा मोडत होता, तिची हद्द बंगालच्या उपसागराला जाऊन भिडली. घोडदळाच्या बळावर जिंकलेला तो विस्तीर्ण किनारा पन्नासहून अधिक वर्षे भोसल्यांच्या ताब्यात राहिला. परंतु सरखेलांच्या आरमाराच्या तोडीचे सामर्थ्य त्यावर कधी उभे राहिले नाही. म्हणून 1803 च्या इंग्रज-मराठा युद्धात कंपनीच्या फौजा कटकावर चालून गेल्या आणि तिची एक तुकडी समुद्रमार्गे बालासोरास उतरली, तेव्हा तिला पाण्यावरच अडविणारी एकही गुराब तेथे नव्हती. आणि त्याच वर्षाअखेर देवगावच्या तहाने तो सारा प्रांत भोसल्यांच्या हातून गेला.

किनारा जिंकणे आणि किनारा राखणे या दोन भिन्न विद्या आहेत, आणि दुसरी विद्या सुतारशाळेतील लाकडापासून, नावाड्यांच्या वल्ह्यापासून आरंभ पावते. आपल्या शाळांतील ज्या मुलांना तिकिटे जमविण्याचा छंद असेल, त्यांना शिक्षकांनी हे तिकीट अवश्य दाखवावे, आणि त्यावरील नौकेचे अंग-अंग समजावून देताना ओडिशाच्या किनाऱ्याची ही कथाही सांगावी. कारण आरमाराची चिंता एकट्या कोकणाने वाहावयाची नसून, ती अवघ्या देशाची जबाबदारी आहे, हे भंडाऱ्याच्या मुलांनी आपल्याच इतिहासातून शिकले पाहिजे.