कुस्तीची बातमी, केममधून

करमाळा तालुक्यातलं केम हे कुंकवाचं गाव, सोलापूर-दौंड लोहमार्गावरचं. इथल्या लिहित्या मुलामुलींना आता क्रीडा पत्रकारितेसाठी पुणं गाठावंच लागतं असं नाही. वेबसाइटना सामन्याचं क्षणाक्षणाचं वर्णन लिहिणारे, व्हिडिओ संपादित करणारे, आकडेवारी सांभाळणारे लागतात. पुष्कळ काम घरून होतं. मात्र सुरुवातीला ते बहुधा बातमीमागे मानधनावर असतं. मानधन किती आणि कधी मिळणार, हे आधी लेखी घ्या.

आता बातमीच्या दर्जाबद्दल. जानेवारी 2023, पुण्यातली महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धा. माती विभागात आपल्याच सोलापूर जिल्ह्यातले दोन मल्ल समोरासमोर: मोहोळचा सिकंदर शेख आणि मंगळवेढा तालुक्यातला महेंद्र गायकवाड. महेंद्रच्या ‘बाहेरील टांग’ या डावाला चार गुण मिळाले, सिकंदर हरला, आणि मोबाइलवर ‘अन्याय’ हा एकच शब्द फिरू लागला. पंचांना धमकी आल्याची तक्रार पोलिसांपर्यंत गेली. खरा प्रश्न साधा होता: सिकंदरची पाठ धोकादायक स्थितीत गेली का? गेली तर चार गुण, नाही तर कमी. हे समजावणारा मजकूर फार थोड्यांनी लिहिला. मला त्याचं आजही वाईट वाटतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावला सिकंदर महाराष्ट्र केसरी झाला.

असं समजावून लिहिता येतं हे दिसावं, म्हणून या कामासाठी अर्ज करताना नुसतं प्रमाणपत्र जोडू नका. जवळच्या जत्रेतल्या कुस्तीच्या फडाची एक बातमी लिहा. डाव, गुण, वेळ, वस्तादांचं नाव तपासून घ्या, हरलेल्या पैलवानाशीही बोला आणि ती बातमी अर्जासोबत पाठवा.