पंधरा हजार खुर्च्या काढल्या, तलाव राहिला



आमच्या गावात पोहायला शिकायचं म्हणजे पाठीला रिकामा डबा बांधायचा आणि विहिरीत उडी मारायची. डबा भावांच्या पाठीला. आम्ही मुली काठावर, धुणं घेऊन. पस्तिशी उलटली, मला अजून पोहता येत नाही. परवा गटाच्या बैठकीत विचारलं, तर बारा जणींपैकी दोघींचेच हात वर झाले. पाण्याशी रोजचं काम मात्र आपलंच.

म्हणून आज एका तलावाची गोष्ट सांगते. तो आहे लंडनमध्ये, २०१२ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेला. आराखडा केला झहा हदीद या बाईंनी. जन्म बगदादचा. छत १६० मीटर लांब आणि टेकलंय फक्त तीन ठिकाणी! आपल्या समाजमंदिराला खांब किती, मोजून बघा.

शर्यतीचा तलाव ५० मीटर लांब, ३ मीटर खोल. एवढा खोल कशाला? पोहताना लाटा उठतात. तळ जवळ असला की त्या आपटून परत वर येतात आणि पोहणाऱ्याला मागे ओढतात. खोल पाण्यात त्या विरून जातात. काठावरही पाणी आपटत नाही, पन्हळीत सांडून जातं.

पण मला आवडलं ते वेगळंच. स्पर्धेच्या वेळी १७,५०० माणसं बसायची सोय होती. एवढी माणसं रोज थोडीच येणार? त्यामुळे दोन्ही बाजूंची बैठक आधीपासूनच तात्पुरती केली होती. खेळ संपल्यावर ती काढली, तिथे काचेच्या भिंती लावल्या, २,५०० जागा ठेवल्या. मार्च २०१४ पासून तिथे साधी माणसं तिकीट काढून पोहतात. तळसुद्धा यंत्राने वर घेता येतो. जिथे खेळाडू सूर मारतो, तिथेच लहान पोर पाय टेकून उभं राहू शकतं.

आता आपल्याकडचं. तालुक्याच्या एका गावी मी तलाव बघून आले. फरशी चकचकीत, उद्घाटनाची पाटी मोठी. पण पाणी सगळीकडे डोक्याच्या वर. शिकणाऱ्या बाईने उभं कुठे राहायचं? बायकांची वेळ दुपारी दोनची, भर उन्हात. कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी नाही. बांधताना एखाद्या बाईला कुणी विचारलंच नसावं.

तळ वर घ्यायचं यंत्र आपल्याला परवडणार नाही, ते कळतं मला. पण एका कोपऱ्यात कमरेइतक्या पाण्याचा कट्टा, सकाळी अकराची वेळ, शिकवायला बाई आणि दाराला कडी, एवढं होण्यासारखं आहे. अर्ज लिहून झालाय. गटातल्या बाराही जणींच्या सह्या झाल्या, तेरावी माझी. सोमवारी द्यायला जातोय. शेजारच्या गटांनी यायचं असेल तर सकाळी दहाच्या एसटीला भेटा.