सुगरणीला हुकूम कोण देतं?



फौजेत मोहिमेआधी दोन हुकूम येतात. पहिला ‘वॉर्निंग ऑर्डर’: हत्यारं तपासा, सामान बांधा, तयार राहा. दुसरा प्रत्यक्ष निघण्याचा. निवृत्तीनंतर फरीदाबादला स्थायिक झालो, दुर्बीण हातात होतीच, आणि सुगरणी पाहताना लक्षात आलं की पक्ष्यांची वीणही अशीच दोन हुकमांवर चालते.

बहिणाबाईंमुळे सुगरण मराठी घराघरांत पोचली. पण खोपा विणतो तो नर. सलीम अलींनी अलिबागजवळच्या किहीमला हे बारकाईने पाहिलं. नर अर्धा खोपा विणतो, मादी तपासणी करते, पसंत पडला तरच पुढचं काम. घर मंजूर झालं की हा पठ्ठ्या दुसरा खोपा सुरू करतो!

आता पहिला हुकूम. तो देतो दिवस. फरीदाबादला डिसेंबरात दिवस साधारण सव्वादहा तासांचा, जूनमध्ये जवळपास 14 तासांचा. ही वाढ पक्षी डोळ्यांनी मोजत नाही. फ्रान्समध्ये जाक बेन्वा यांनी 1930च्या दशकात दाखवलं की डोळे नसलेल्या बदकांच्या वृषणांचीही प्रकाशाने वाढ होते. प्रकाश कवटीतून थेट मेंदूत झिरपतो. तिथल्या प्रकाशग्राही पेशी जाग्या झाल्या की थायरॉइडचं संप्रेरक मेंदूतच कामाला लागतं, हायपोथॅलॅमस पिट्युइटरीला संदेश पाठवतो आणि पिट्युइटरी दोन संप्रेरकं रक्तात सोडते, एलएच आणि एफएसएच. हिवाळ्यात आक्रसून गेलेले वृषण मग अनेक जातींत शेकडो पटींनी वाढतात. वर्षभर एवढं वजन घेऊन उडायचं कशाला, हा साधा हिशेब.

नराची पिवळी टोपी टेस्टोस्टेरॉनमुळे येते असं कुणालाही वाटेल. तसं नाही. बनारस हिंदू विद्यापीठात थपलियाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुगरणीवर काम केलं. वृषण काढलेल्या नरालाही ही टोपी चढते, कारण ती एलएचची करामत. चोच काळी होते ती मात्र टेस्टोस्टेरॉनमुळे. म्हणजे गणवेश एका कचेरीतून, हत्यार दुसऱ्या!

या यंत्रणेला ब्रेकही आहे. 2000 साली जपानमध्ये त्सुत्सुई यांच्या गटाने लाव्यांच्या मेंदूत एलएच रोखणारं संप्रेरक शोधलं. तयारी झाली तरी थांबवता यावं, याची सोय.

दुसरा हुकूम पावसाचा. पाऊस आला की लांब, ओली गवताची पाती मिळतात आणि पिल्लांसाठी किडे. मादी तर जास्त सावध. नुसत्या लांब दिवसांवर ती अंडी घालत नाही; तिला नर, खोपा, खाणं, सगळं लागतं. मग इस्ट्रोजेन तिच्या यकृताला बलकाची प्रथिनं बनवायला लावतं. अंड्याचा खर्च तिच्या अंगावर पडतो, तेव्हा शेवटचा शब्द तिचाच असणं मला रास्त वाटतं.

हे सगळं आज सांगण्याचं कारण आमच्या सोसायटीमागचं तळं. काठावरच्या बाभळीला दरवर्षी खोपे लटकतात. तिथे आता रात्रभर जळणारे फ्लडलाइट बसवायचा प्रस्ताव आहे. सुरक्षेचा मुद्दा खरा आहे, मी तो हसण्यावारी नेणार नाही. पण जर्मनीत काळ्या कस्तुरांना रात्री फक्त 0.3 लक्स, म्हणजे जेमतेम पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड दिला, तर त्यांची प्रजननसंस्था जवळपास महिनाभर आधी तयार झाली. 2013 साली हे प्रसिद्ध झालं. आमचे प्रस्तावित दिवे चांदण्याच्या कित्येक पट. पहिला हुकूम खोटाच सुटला आणि पाऊस आपल्या वेळेवर आला, तर मधल्या काळात करायचं काय?

म्हणून मी लेखी सुचवलंय: दिवे तळ्याकडे नकोत, रस्त्याकडे वळवा. वर झाकण बसवा. माणूस आला तरच लागतील असे सेन्सर लावा. चौकीदाराला एक चांगली बॅटरी द्या. रविवारी बैठक आहे. सचिव म्हणाले, “कर्नलसाहेब, पक्ष्यांसाठी वेगळं बजेट नाही.” मी सेन्सरच्या दिव्यांच्या वीजबिलाचा हिशेब काढून ठेवलाय.